जोलिएटच्या कॉलेजाची हकिगत : मित्रास पत्र

प्लेनफिल्ड, इलिनॉय
१२ ऑक्टोबर

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या संस्थेने कौशल्य-अभ्यासक्रमांसाठी समिती नेमली आणि तिचे काम तुझ्या गळ्यात पडले, हे वाचून मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांमध्ये, म्हणजे स्थानिक लोकांसाठी चालणाऱ्या दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजांमध्ये, कोणकोणते अभ्यासक्रम असतात, त्यांची यादी तू मागितली आहेस. यादी तुला कोणीही देईल. मी तिच्याऐवजी आमच्या घराजवळच्या एका कॉलेजाची हकिगत लिहितो, कारण तुमच्या उपयोगाचे जे आहे ते तिच्यातच आहे असे मला वाटते.

जोलिएट हे शिकागोच्या नैर्ऋत्येस सुमारे ६० किलोमीटरांवर, डेस्प्लेन्स नदीच्या काठी, चुनखडीच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने यांवर वाढलेले शहर. तेथील हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी १९०१ मध्ये असे ठरवले की, हायस्कूल संपवलेल्या ज्या मुलांना गाव सोडणे शक्य नाही, त्यांना पदवीची पहिली दोन वर्षे त्याच शाळेत शिकता यावीत. सुरुवातीला विद्यार्थी होते अवघे ६. पुढच्याच वर्षी शाळेच्या मंडळाने या वर्गांना रीतसर मान्यता देऊन ते विनाशुल्क केले, आणि कालांतराने त्यांना जोलिएट ज्युनियर कॉलेज हे नाव मिळाले. (आपले अकरावी-बारावीचे ज्युनियर कॉलेज येथे डोळ्यांसमोर आणू नकोस, ही बारावीनंतरची दोन वर्षे.) अमेरिकेतील पहिले सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज म्हणून आज ते ओळखले जाते.

यात हार्परांचा निव्वळ परोपकार नव्हता, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. त्यांनी आपल्या विद्यापीठातील चार वर्षांचे कनिष्ठ आणि वरिष्ठ असे दोन भाग आधीच केले होते. कनिष्ठ भागाचे ओझे इतरांनी उचलावे आणि विद्यापीठाने वरच्या अभ्यासाला व संशोधनाला वाहून घ्यावे, असा त्यांचा हिशेब होता. गावाला मुले घरी राहावीत असे वाटत होते, विद्यापीठाला तयार झालेले विद्यार्थी हवे होते, आणि दोघांचीही गरज खरी असल्यामुळे ती व्यवस्था टिकली. अशा व्यवस्थेचा सगळा भार एकाच गोष्टीवर असतो : येथे शिकलेले तेथे मान्य होणे. ते मान्य झाले नसते, तर ब्राऊन यांचे वर्ग हौशी व्याख्यानमाला ठरले असते.

मधल्या काळाविषयी थोडक्यातच लिहितो. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी पैसा मिळाला, १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने देशभर अशी कॉलेजे काढण्याचा आग्रह धरला, आणि १९६५ मध्ये इलिनॉयने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. १९६७ मध्ये जोलिएटच्या कॉलेजाचा स्वतःचा जिल्हा (म्हणजे कॉलेजासाठी कर भरणारा आणि त्याचे विश्वस्त निवडणारा प्रदेश) आखला गेला आणि १९६९ मध्ये ते शहराच्या पश्चिमेस हूबोल्ट रस्त्यावरील मोकळ्या जागेत गेले. म्हणजे साठाहून अधिक वर्षे ते हायस्कुलाच्याच आश्रयाला होते.

आज तेथे दोन वर्षांची असोसिएट पदवी घेऊन विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाऊ पाहणारा मुलगा शिकतो, आणि त्याच आवारात परिचर्या, वेल्डिंग, मोटारदुरुस्ती, पशुवैद्यकीय तंत्रज्ञान शिकणारेही असतात. शेतीचा विभाग जुना आणि नावाजलेला आहे, कारण शहराबाहेर पडले की मका आणि सोयाबीन क्षितिजापर्यंत पसरलेले दिसते. पाककलेचे वर्ग भर शहरातील दुसऱ्या इमारतीत भरतात. शिवाय शाळा अर्धवट सोडलेल्या प्रौढांसाठी हायस्कूल-समकक्ष परीक्षेची तयारी आणि नव्याने आलेल्यांसाठी इंग्रजीचे वर्गही आहेत. येथील मराठी घरांत मात्र कम्युनिटी कॉलेजाचे नाव अजून जरा आवाज उतरवूनच घेतले जाते. गणेशोत्सवात भेटणारे पालक मोठ्या विद्यापीठांची नावे सांगतात, आणि फीचा आकडा पाहिल्यावर हळूच याची चौकशी करतात.

त्यांना मी जे सांगतो तेच तुला सांगतो : आधी कोणता विषय कोठे मान्य होतो ते पाहा. इलिनॉयमध्ये सामान्य शिक्षणाच्या विषयांसाठी राज्यभर करार आहे. त्यात सहभागी असलेल्या संस्था एकमेकींचे ठरावीक विषय मान्य करतात, त्यामुळे सल्ला नीट घेतला तर वर्ष वाया जात नाही. सल्ला नीट मिळाला नाही तर मात्र जाते, आणि हे या पद्धतीचे मोठे दुखणे आहे. दार सर्वांना उघडे असल्याने आत येणारे पुष्कळ असतात, पण नोकरी आणि संसार सांभाळून शेवटपर्यंत पोहोचणारे देशभरात बरेच कमी असतात.

दुसरी गोष्ट पैशाची. शुल्क आणि राज्याचे अनुदान यांच्या जोडीला जिल्ह्यातील घरमालकांच्या मालमत्ता करातून कॉलेजाला पैसा मिळतो, आणि कारभार पाहणारे ७ विश्वस्त मतदार निवडून देतात. म्हणून कोणता वर्ग उघडावा आणि कोणता बंद करावा, याबद्दल शेतकऱ्यापासून कारखानदारापर्यंत प्रत्येकाला बोलण्याचा हक्क वाटतो. तुमच्याकडे तसा कर नाही. पण कर्मवीरांच्या ‘कमवा व शिका’ योजनेत वाढलेल्या तुला लोकांच्या मुठीमुठीने उभी राहिलेली संस्था कशी असते हे मी काय सांगावे?

आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांकांची बँक, म्हणजे विद्यार्थ्याने पुऱ्या केलेल्या विषयांचे श्रेयांक (क्रेडिट) त्याच्या खात्यात जमा ठेवणारी व्यवस्था, आली आहे. तेव्हा समितीच्या पहिल्या बैठकीत टॅली शिकवायचे की सौरपंप दुरुस्ती, यावर वाद घालण्याआधी विद्यापीठ या श्रेयांकांपैकी किती पदवीत धरणार, हे लेखी मागून घ्या. उत्तर आले की मला कळव. मग अभ्यासक्रमांची यादीही पाठवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत