सॅटेलाइट फोनवर बंदी राहू द्या, पण हद्द सांगा

मा. केंद्रीय दूरसंचार मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार.

२६/११ च्या हल्लेखोरांनी वापरलेल्या ‘कुबेर’ ट्रॉलरवर २००८ मध्ये थुराया कंपनीचा सॅटेलाइट फोन सापडला, तेव्हापासून आपल्या बंदरांत या यंत्राकडे संशयाने बघितलं जातं, आणि ते रास्तच आहे. नौवहन महासंचालनालयाने २०१२ मध्ये थुराया, इरिडियमसारख्या फोनच्या विनापरवाना वापराला मनाई केली, त्यालाही माझा विरोध नाही. आम्ही रेडिओ ऑफिसर होतो तेव्हाही बंदरात शिरलं की ट्रान्समीटर बंद. काही देशांत तर रेडिओ रूमला सील ठोकत. (१९९९ मध्ये जीएमडीएसएस, म्हणजे जहाजांचे संकटकाळचे संदेश उपग्रह आणि आपोआप चालणाऱ्या रेडिओवरून पाठवायची जागतिक व्यवस्था, पूर्ण लागू झालं आणि आमची जमातच संपली, ते असो.)

माझी अडचण आहे ती यंत्र कंपनीच्या नावावरून ओळखण्याची. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१८ मध्ये इरिडियमला याच जीएमडीएसएससाठी मान्यता दिली. २०२० च्या अखेरीस ती सेवा सुरूही झाली. आता त्याच नावाचं एक यंत्र जहाजाच्या ब्रिजवर (सुकाणूकक्षात) जीव वाचवायला बसवलेलं असू शकतं आणि दुसरं खलाशाच्या बॅगेत. जहाजावर चढलेल्या अधिकाऱ्याने कशाला हात लावायचा?

दुसरं, हद्द कुठली? प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैलांचा, संलग्न क्षेत्र २४ पर्यंत, अनन्य आर्थिक क्षेत्र २००. कोलंबोहून आखाताकडे निघालेलं, आपल्या बंदराला न लागणारं जहाज यातल्या कुठल्या रेषेवर फोन बंद करणार? एक एजंट एक आकडा सांगतो, दुसरा दुसरा. घोटाळा झाला की भोगतो तो खलाशी. आणि परदेशी जहाज म्हणजे परदेशी माणसं असंही नाही. पनामा-लायबेरियाच्या झेंड्याखाली आमच्या रत्नागिरी-रायगडची पोरंही असतात.

१८८५ च्या तार आणि १९३३ च्या बिनतारी कायद्यांची जागा घ्यायला २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. त्याखालच्या नियमांत चार ओळी घाला : मनाई यंत्राच्या वापरावरून ठरेल, ब्रँडवरून नाही, अंतर सागरी मैलांत छापलेलं असेल, आधी जाहीर केलेला फोन सील करून जहाजावरच राहील, आणि संकटात वापरलेल्या यंत्रासाठी कुणावर खटला होणार नाही.

आपला,
एक निवृत्त रेडिओ ऑफिसर, रत्नागिरी