फोन जरा लांब धर

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

समोर बसून बोलायला गेले की "आई, लेक्चर नको" म्हणतेस आणि खोलीचं दार लागतं. म्हणून हे पत्र उशीखाली ठेवतेय. पूर्ण वाचलं नाहीस तरी चालेल, पण फाडू नकोस.

काल रात्री तू सोफ्यावर बसून स्वतःचे फोटो काढत होतीस. मी मागे उभी होते, तुला कळलं नाही. मी मोजले, सतरा. सतराच्या सतरा डिलीट केलेस. मग फोन पालथा ठेवलास, नाकपुड्या चिमटीत धरल्यास आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिलीस. दाबून ठेवलं की नाक तसंच राहील, अशा आशेने. मी पाऊल न वाजवता आत निघून गेले. तेव्हाच बोलायला हवं होतं.

आधी त्या नाकाचं बघू. फोन तू हातभर अंतरावर धरतेस, कधीकधी त्याहूनही जवळ. इतक्या जवळून लेन्सला नाक फार जवळ पडतं आणि कान त्या मानाने बरेच लांब, त्यामुळे जवळची गोष्ट फुगून दिसते. २०१८ साली अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी याचं गणित मांडलं होतं. दीड मीटरवरून काढलेल्या फोटोशी तुलना केली, तर फूटभर अंतरावरच्या फोटोत नाक सुमारे तीस टक्के रुंद दिसतं. नाकाचं ऑपरेशन करून घ्यायला येणारी माणसं स्वतःचे सेल्फी दाखवायची, म्हणून त्यांनी हा हिशोब केला. म्हणजे काल रात्री तू ज्याच्याशी भांडत होतीस, ते नाक तुझ्या चेहऱ्यावर नाहीच.

आरशाचीही अशीच गंमत आहे. आरशात आपल्याला स्वतःचा चेहरा उलटा दिसतो, भांग डावीकडचा उजवीकडे. १९७७ साली एका प्रयोगात काही मुलींना स्वतःचे दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशासारखा उलटा. बहुतेकींना उलटा आवडला. त्यांच्या मैत्रिणींना मात्र सरळ, कारण त्या रोज तोच बघत होत्या. ज्याला जे बघायची सवय, त्याला ते छान वाटलं, इतकं साधं. आणि तू दिवसभर काय बघतेस? फिल्टरमधून गुळगुळीत होऊन आलेले चेहरे. मग खरी त्वचा, तिच्यावरची छिद्रं, एखादी पुटकुळी, हे सगळं बिघाडासारखं वाटणारच. नॉर्वेने तर २०२२ पासून कायदाच लागू केला, जाहिरातीत शरीराचा आकार किंवा त्वचा बदलून दाखवली असेल तर फोटोवर तसं लिहायचं. आपल्या फोनवर कोण लिहिणार!

"मनाचं सौंदर्य हेच खरं" असं मी म्हणणार नाही. ते वाक्य मीही तुझ्या वयात ऐकलंय आणि त्याने कधीच बरं वाटलं नाही. ऐकताना वाटायचं, म्हणजे दिसायला मी वाईटच आहे तर.

माझे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत, हे तुला माहीत आहे. शाळेत त्यावरून मला एक नाव पडलं होतं, ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून हसताना माझा हात आपोआप तोंडावर जातो. जपानमध्ये शेकडो वर्षं बायका मुद्दाम दात काळे करायच्या, आणि काळेभोर चकाकणारे दात म्हणजे सौंदर्य मानलं जायचं, हे मी पुढे कधीतरी वाचलं आणि एकटीच खूप हसले. तोंडावर हात ठेवूनच.

खरी चूक पुढे आहे. तुझ्या लहानपणचे अल्बम काढून बघ. मी जवळजवळ कुठेच नाही. "मी काढते ना फोटो" म्हणत दर वेळी कॅमेऱ्यामागे लपले. आणि तू पाच वर्षांची असताना हसताना तोंडावर हात ठेवायला लागलीस. तुझे दात तेव्हा मोत्यांसारखे ओळीत होते. मला ते गोडच वाटलं होतं. कुठून शिकलीस, हे समजायला मला फार वर्षं लागली.

आता मला काय दिसतं ते सांगते. आजीला ऐकू कमी येतं. आम्ही सगळे दारातूनच ओरडतो आणि वर चिडतो. तू तिच्यासमोर जाऊन बसतेस, तिची नजर तुझ्याकडे वळेपर्यंत थांबतेस आणि सावकाश बोलतेस. तिला तुझं बोलणं कळलं, की तुझ्या डाव्या गालावर आधी हसू येतं, उजवीकडे जरा उशिरा. हे तुला कुठल्याच आरशात दिसणार नाही, कारण तेव्हा तू आजीकडे बघत असतेस. तुझ्या नाकाकडे त्या वेळी माझं लक्ष गेल्याचं मला आठवत नाही.

पावडर लाव, लिपस्टिक लाव, नटायची हौस मलाही आहे. फक्त चिमटा नको.

रविवारी सगळ्यांचा एक फोटो काढू. आजी मध्ये. बाबांनाही कॅमेऱ्यामागे पाठवायचं नाही, फोन खिडकीत ठेवून टायमर लावू. मी या वेळी आत उभी राहणार आहे, दोन्ही हात खाली ठेवून. ऐन वेळी माझा हात वर जायला लागला, तर तू तो धर. आणि फोन दीड मीटरच्या पलीकडे ठेवायचं काम तुझं.

तुझी,
आई