मोजपट्टी बदला, अ‍ॅपही बदलेल

महोदय,

मोबाइलच्या अतिवापराचा विषय निघाला की दोष वापरणाऱ्याच्या संयमावर ढकलला जातो आणि ‘स्क्रीन टाइम’ची मर्यादा लावून घ्या, असा सल्ला मिळतो. अ‍ॅपल आणि गूगल या दोघांनीही ही सोय 2018 मध्ये आणली. तिचा थोडाफार उपयोग होतो, नाही असे नाही. पण वेळ संपल्याची पाटी नेमकी व्हिडिओ अर्ध्यावर असताना येते आणि मुदत वाढवण्याचे बटण तिथेच असते. चार दिवसांत अंगठा ते न वाचताच दाबू लागतो. माणसाला मजकूर संपतो तिथे थांबणे सोपे जाते, आणि मजकूर कुठे संपवायचा हे अ‍ॅप बनवणाराच ठरवतो.

न संपणाऱ्या फीडचेच, म्हणजे खाली सरकवत पाहायच्या पोस्टच्या यादीचेच पाहा. सर्व्हर एका वेळी साधारण 20-25 पोस्टच पाठवतो. यादीचा तळ जवळ आला की पुढची खेप गुपचूप मागवायची, हा भाग अ‍ॅपमध्ये मुद्दाम लिहिलेला असतो आणि तो काढणे मुळीच अवघड नाही. मात्र त्या जागी नुसते ‘आणखी दाखवा’ बटण ठेवून भागत नाही. तेही सवयीने दाबले जाते. ‘मागच्या वेळेनंतरचे सगळे पाहून झाले’ अशी खरीखुरी शेवटची ओळ हवी. त्यासाठी फीड वेळेच्या क्रमाने लावावी लागते, कारण अ‍ॅपने स्वतः सुचवलेल्या पोस्टना अंत नसतो. इन्स्टाग्रामने 2018 मध्ये अशी ओळ आणली आणि 2020 मध्ये तिच्याच खाली सुचवलेल्या पोस्ट सुरू केल्या! दुसरी खोड म्हणजे अ‍ॅप पुन्हा उघडताच फीड आपोआप ताजी होणे. वाचत असलेली पोस्ट हरवते आणि ‘काहीतरी निसटेल’ या धास्तीने माणूस अ‍ॅप बंदच करत नाही. जिथे सोडले तिथेच उघडावे, नवे काय आले ते वर एका ओळीत सांगावे.

ऑटोप्ले (पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणे) मुळात बंद असावा आणि ही निवड फोनवर न साठवता खात्यात साठवावी, नाहीतर अ‍ॅप नव्याने टाकले की तो पुन्हा चालू. सलग किती दिवस अ‍ॅप वापरले याचा आकडा एका चुकीने शून्यावर आणण्याऐवजी ‘या महिन्यात 18 दिवस’ असे दाखवले तरी प्रोत्साहन मिळतेच. आकडा वाचवण्यासाठी पैसे मागणे म्हणजे आधी भीती विकायची, मग तिच्यावरचा उतारा.

नोटिफिकेशनचे तीन ढीग करावेत. कोणी माणूस उत्तराची वाट पाहतो आहे, ते पहिल्यात. ओटीपी, व्यवहार, प्रवासातला बदल हे दुसऱ्यात. हे दोन्ही लगेच पाठवावेत. उरलेले सगळे, म्हणजे लाइक, शिफारशी, ‘बरेच दिवसांत दिसला नाहीत’ छापाचे, वापरणाऱ्याने निवडलेल्या वेळी दिवसातून एकदाच, एकत्र. चिन्हावरचा लाल आकडा फक्त पहिल्या ढिगासाठी.

हे सगळे डिझायनरना माहीत असते. तरी होत नाही, कारण यश मोजले जाते ते रोज किती जणांनी अ‍ॅप उघडले आणि किती मिनिटे थांबले यावर. दोन आठवड्यांच्या ए/बी चाचणीत (काही वापरकर्त्यांना जुने, काहींना बदललेले रूप देऊन केलेल्या तुलनेत) एक नोटिफिकेशन वाढवले की उघडण्याचा आकडा सहसा वर जातो, म्हणून बदल पास होतो. कंटाळून नोटिफिकेशन बंद करणारे, अ‍ॅप काढून टाकणारे पुढच्या काही महिन्यांत विखुरलेले असतात. ते त्या चाचणीत दिसतच नाहीत. त्यात प्रत्येक टीम आपापली चाचणी करते आणि ‘एकच तर वाढवले’ म्हणते. बेरजेला वाली कोणी नसतो.

म्हणून एका वापरकर्त्याला आठवड्यात एकूण किती नोटिफिकेशन, याची मर्यादा सगळ्या टीमसाठी मिळून एकच असावी. थोडे वापरकर्ते किमान तीन महिने कमी नोटिफिकेशनवर ठेवून त्यांची बाकीच्यांशी तुलना करावी. स्वतःहून उघडणे आणि नोटिफिकेशनमुळे उघडणे वेगळे मोजावे, आणि उघडून काहीच न करता पाच-दहा सेकंदांत बंद केलेल्या फेऱ्याही. त्या वाढल्या, तर अ‍ॅप उपयोगी न पडता नुसती सवय बनते आहे. मिनिटे मात्र सरसकट वाईट धरू नयेत. नकाशा किंवा संगीताचे अ‍ॅप तासभर चालू राहिले तर बिघडत नाही.

अँड्रॉइड वापरणाऱ्या वाचकांना अ‍ॅपची नियत थोडीफार तपासताही येते. 2017 च्या आवृत्ती 8 पासून नोटिफिकेशन प्रकारानुसार वेगवेगळ्या चॅनेलमध्ये ठेवण्याची सोय आहे. अ‍ॅपच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये जाहिरात आणि ओटीपी एकाच नावाखाली दिसले, तर जाहिरात बंद करता येऊ नये अशीच ती रचना आहे. तुम्ही बंद केलेले चॅनेल अ‍ॅपला परत चालू करता येत नाही. म्हणून काही जण ते पुसून नव्या नावाने दुसरे काढतात. ही पळवाट ओळखता यावी म्हणूनच अँड्रॉइडने पुसलेल्या चॅनेलची संख्या सेटिंगमध्ये दाखवण्याची तरतूद केली आहे.

– मोबाइल अ‍ॅप डिझाइन क्षेत्रातील एक वाचक