तक्रार पत्र: डिस्क तपासणीचा अहवाल पुसून टाकल्यावर 'अहवाल नाही' या कारणाने वॉरंटी नाकारल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

अर्ध्या तासापूर्वी तुमच्या तंत्रसाहाय्य विभागाशी माझा पाचवा फोन झाला. पाचव्यांदा तेच उत्तर मिळालं: "डिस्क तपासणीचा अहवाल जोडलेला नाही, म्हणून डिस्क बदलून मिळणार नाही." अहवाल होता. तुमच्याच माणसाने तो माझ्या डोळ्यांदेखत पुसला.

लॅपटॉप तुमचा, आतली एक टेराबाइटची फिरती हार्ड डिस्क तुम्ही बसवलेली, वॉरंटी अजून सात महिने शिल्लक. फाइल उघडताना मशीन मिनिट-मिनिट अडायला लागलं, म्हणून मी पहिला फोन केला. तुमच्याच प्रतिनिधीने सांगितलं, की कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, सी ड्राइव्हवर चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम) '/आर' (खराब जागाही शोधायची सूचना) लावून चालवा आणि निकाल कळवा. सी ड्राइव्ह वापरात असतो, त्यामुळे तपासणी पुढच्या वेळी मशीन चालू होताना करायची का, असं विचारलं गेलं. मी होकार दिला आणि रात्री मशीन पुन्हा सुरू केलं. पाचही टप्प्यांना मिळून सहा तास लागले. तपासणी संपली की मशीन आपोआप विंडोजमध्ये जातं आणि पडद्यावरचा निकाल निघून जातो. हे तुम्हाला माहीत असणारच, तुम्ही रोज हे लोकांना करायला सांगता.

तरीही दुसऱ्या फोनवर माझ्याकडे 'स्क्रीनशॉट' मागितला गेला. विंडोज सुरू होण्याआधीच्या पडद्याचा स्क्रीनशॉट मी कसा काढणार होते? मी तसं विचारलं, तर उत्तर आलं, "मग रिपोर्ट नाही असं लिहितो."

निकाल कुठे असतो ते मी स्वतः शोधून काढलं. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजने केलेल्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम, त्यात विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन, आणि तिथे 'विनइनिट' (विंडोज सुरू करणारा भाग) या स्रोताची १००१ क्रमांकाची नोंद. हे शोधायला माझी एक संध्याकाळ गेली. तुमच्या मदतकेंद्रातल्या प्रत्येक टेबलावर हे लिहून ठेवलेलं असायला हवं होतं.

त्या नोंदीत सगळं स्पष्ट होतं. चौथ्या टप्प्यात तीन फाइलींची नावं आली होती, आणि प्रत्येकीसमोर खराब क्लस्टर (डिस्कवर फाइल साठवायचा छोटा तुकडा) बदलल्याचा शेरा. तिन्ही माझ्या कामाच्या मुलाखतींची ध्वनिमुद्रणं. 'बदलले' म्हणजे फाइलीला नवी चांगली जागा मिळाली. जुन्या जागेत जे होतं, ते गेलं. त्यातल्या एका मुद्रणात सतराव्या मिनिटाला आवाज तुटतो. त्या बाईंना मी पुन्हा भेटू शकणार नाही. खाली बेरजेत खराब सेक्टरमध्ये (क्लस्टर ज्यांचे बनतात ते डिस्कचे सर्वांत छोटे भाग) ८४ केबी. एक क्लस्टर ४०९६ बाइटचा, म्हणजे २१ क्लस्टर. नऊ दिवसांनी तिसऱ्या फोनवर तुमच्याच माणसाने पुन्हा तीच तपासणी करायला लावली, तेव्हा त्याच ओळीत २१२ केबी आले, म्हणजे ५३ क्लस्टर. वीज गेल्याने किंवा मशीन अचानक बंद झाल्याने फाइलींची नोंदवही बिघडते. ती चेकडिस्क दुरुस्त करतो आणि विषय संपतो, हे मला मान्य आहे. पण खराब सेक्टर नऊ दिवसांत अडीचपट होतात, ते विंडोजच्या गोंधळाने नव्हे. ती डिस्क मरते आहे.

आता चौथा फोन. तुमच्या प्रतिनिधीने दूरून माझ्या पडद्याचा ताबा घेतला. ॲप्लिकेशन लॉगमध्ये १००१ ची गाळणी लावली आणि सगळ्यात वरच्या नोंदीवर क्लिक केलं.

"मॅडम, हे बघा, एक प्रोग्रॅम क्रॅश झालाय. डिस्कचा काही संबंध नाही."

मी म्हटलं, "ती नोंद विंडोज एरर रिपोर्टिंगची आहे. तिचाही क्रमांक १००१ च असतो. बाजूचा स्रोताचा रकाना बघा. खाली विनइनिट शोधा."

"मॅडम, १००१ म्हणजे ॲप क्रॅशच."

मी तीन वेळा सांगितलं. तीन वेळा. खाली जायला त्यांना दोन सेकंद लागली असती. त्याऐवजी त्यांनी कमांड प्रॉम्प्ट उघडून नुसतं चेकडिस्क चालवलं, पुढे काहीही न लावता. त्याने पहिल्याच ओळींत बजावलं, की '/एफ' (दुरुस्तीची सूचना) दिलेलं नाही, फक्त वाचून पाहतो आहे. अशी तपासणी तीन टप्प्यांवर थांबते. खराब सेक्टर शोधणारे चौथा आणि पाचवा टप्पा '/आर' शिवाय होतच नाहीत. काही मिनिटांत 'अडचण आढळली नाही' असं आलं आणि ते म्हणाले,

"बघा, काही नाही. तुम्ही लोक इंटरनेटवर वाचता आणि घाबरता."

मी गप्प बसले, कारण मला डिस्क बदलून हवी होती. मग ते म्हणाले, "लॉग खूप भरलाय, त्याने मशीन स्लो होतं, साफ करून देतो." मी "थांबा, करू नका," म्हणेपर्यंत त्यांनी 'क्लिअर लॉग' निवडलंही होतं. तिथे तीन बटणं येतात: साठवून साफ करा, साफ करा आणि रद्द करा. त्यांनी मधलं दाबलं. दोन्ही तपासण्यांचे निकाल एका क्षणात गेले. तो लॉग मुळात २० एमबीपर्यंतच वाढतो आणि भरला की जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात. त्याने मशीन हळू होत नाही. खराब डिस्कने होतं.

आणि आज पाचव्या फोनवर मला वाचून दाखवलं, तुमच्या नोंदीत काय लिहिलंय ते: "डिस्कमध्ये दोष नाही. ग्राहकाचा गैरसमज. तपासणी अहवाल उपलब्ध नाही." मी घाबरट, माझा गैरसमज, आणि पुरावा नाही. पुरावा कोणी पुसला हे मात्र त्या नोंदीत नाही.

तर पुरावा आता माझ्याकडून घ्या. लॉग साफ केल्याचीही नोंद होते, सिस्टिम लॉगमध्ये, १०४ क्रमांकाने. ॲप्लिकेशन लॉग साफ झाल्याची वेळ तिथे आहे आणि ती तुमच्या रिमोट सत्राच्या वेळेच्या आत आहे. तुमच्याकडे त्या सत्राची नोंद असेलच, जुळवून बघा. त्याच सिस्टिम लॉगमध्ये 'डिस्क' या स्रोताच्या ७ क्रमांकाच्या नोंदींची रांग आहे, खराब ब्लॉक असल्याचं सांगणाऱ्या. त्या तुमच्या माणसाने उघडून पाहिल्याच नाहीत, म्हणून शिल्लक राहिल्या. चेकडिस्कचे निकाल सी ड्राइव्हवरच्या 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' या लपलेल्या फोल्डरमध्ये, 'चेकडिस्क' नावाच्या उपफोल्डरमध्येही जपलेले असतात. त्याची परवानगी मिळवायला मला दोन तास लागले, पण दोन्ही तपासण्यांच्या फाइली तिथे होत्या. दोन्ही जोडल्या आहेत. ८४ आणि २१२ हे आकडे स्वतः वाचा.

स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडेही जोडले आहेत. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, 'स्टेटस ओके' येतंय. ते 'ओके' एखादा आकडा ठरलेल्या मर्यादेखाली घसरेपर्यंत 'ओके'च राहतं. ५ क्रमांकाचे बदललेले सेक्टर, १९७ क्रमांकाचे प्रलंबित सेक्टर आणि १९८ क्रमांकाचे वाचता न आलेले सेक्टर यांचे कच्चे आकडे बघा. एकही शून्य नाही. १९९, म्हणजे केबलमधून माहिती जाताना झालेल्या चुका, मात्र शून्य आहे, तेव्हा केबल सैल असेल हे मला सांगू नका, तेही एकदा सांगून झालं आहे.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. पाच फोनांत पाच माणसं बोलली. एकानेही पहिलं वाक्य "आधी तुमच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या" असं उच्चारलं नाही. मरणाऱ्या डिस्कवर सहा-सहा तासांची '/आर' तपासणी दोनदा करायला लावली. ती प्रत्येक क्लस्टर वाचते, म्हणजे धापा टाकणाऱ्या डिस्कला आणखी पळवते. एकाने तर फॅक्टरी रीसेट करा म्हणून सांगितलं. ते मी ऐकलं असतं, तर उरलेली मुद्रणंही गेली असती आणि डिस्क तितकीच खराब राहिली असती. तुमच्या कंपनीचा हा माझा तिसरा लॅपटॉप. पहिले दोन वर्षानुवर्षं चालले, म्हणूनच तिसरा घेतला होता. आता मला कोणी विचारलं तर मी काय सांगणार आहे, ते तुम्हाला कळलं असेल.

मला पुढील गोष्टी लेखी हव्या आहेत. डिस्क वॉरंटीत बदलून मिळावी. जुनी डिस्क माझ्याकडेच राहावी, कारण त्या तीन मुद्रणांतलं जे काही निघेल ते मला तज्ज्ञाकडून काढून घ्यायचं आहे. 'ग्राहकाचा गैरसमज' हे शब्द नोंदीतून काढावेत आणि लॉग तुमच्या प्रतिनिधीने साफ केला असं तिथे लिहावं. दहा दिवसांत उत्तर आलं नाही, तर हेच पत्र आणि याच फाइली घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन.

मला पुन्हा फोन करून तपासणी चालवायला सांगू नका. लॅपटॉप बंद करून ठेवला आहे. डिस्क फिरली की आणखी क्लस्टर जातात, आणि अजून अकरा मुद्रणं तिच्यावर आहेत, ज्यांची दुसरी प्रत माझ्याकडे नाही.

आपली ग्राहक

सोबत: चेकडिस्कच्या दोन लॉग फाइली, सिस्टिम लॉगची निर्यात केलेली प्रत, स्मार्टचे आकडे, खरेदीची पावती