तिसऱ्या भाषेचा मुद्दा गेला कुठे?

भाषावादात चॅनेलवाल्यांनी तेल ओतलं, हा तुमचा अग्रलेख वाचला आणि शंभर टक्के पटला. २०२५ च्या जुलैत मीरा रोडच्या दुकानदाराला मराठी बोलण्याच्या वादातून कानाखाली मारल्याचा व्हिडिओ दिवसभर फिरवून फिरवून दाखवला, स्क्रीनवर सहा खिडक्या, मराठी विरुद्ध हिंदी, आणि प्रत्येक जण दुसऱ्यावर ओरडतोय. मारहाणीचं समर्थन अजिबात नाही, पण मूळ प्रश्न पहिलीपासून तिसरी भाषा लादण्याचा होता ना? राज्य सरकारच्या १७ जूनच्या जीआरमध्ये, म्हणजे शासन निर्णयात, हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० मुलं पाहिजेत अशी अट होती, आता खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत कित्येकदा अख्ख्या वर्गात तेवढी मुलं नसतात, म्हणजे पर्याय फक्त कागदावरच. यावर किती चर्चा झाल्या सांगा! २९ जूनला सरकारने आधीचा आणि हा असे दोन्ही जीआर रद्द करून तिसऱ्या भाषेचा विचार करायला अर्थतज्ज्ञ नरेंद्र जाधव यांची समिती नेमली, तरी चॅनेलवर दोन समाजांची झुंज चालूच. भांडणाला टीआरपी मिळतो हे कळतं हो, पण शेजारीपाजारी राहणारी माणसं त्यापायी एकमेकांकडे संशयाने बघायला लागलीत, याचा खरंच त्रास होतो. पुढच्या वेळी प्रवक्त्यांऐवजी पहिलीला शिकवणाऱ्या एखाद्या बाईंना बोलवा आणि त्यांना पूर्ण बोलू द्या.

– एक वाचक, ठाणे