झुडपी जंगलात खड्डे खोदण्याआधी अधिवास मोजा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील झुडपी जंगलाबाबत, म्हणजे महसुली नोंदींत त्या नावाने असलेल्या झुडपांच्या जमिनीबाबत, सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी निकाल दिला. सुमारे 86 हजार हेक्टर जमीन आता वन म्हणूनच धरली जाणार आहे. कोणत्याही जंगलाला लागून नसलेले, वाटप न झालेले, तीन हेक्टरांहून लहान तुकडे संरक्षित वन घोषित करायचे आहेत. निकालानंतरची सारी चर्चा घरे, शाळा, स्मशानभूमी आणि अतिक्रमणे यांच्याभोवती फिरली. ते स्वाभाविकच आहे. पण जी जमीन अजून मोकळी आहे तिचे करायचे काय, हा प्रश्न बाजूलाच राहिला. आम्हाला धास्ती वाटते ती याची, की आता त्या जमिनीवर रांगेने खड्डे, समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले चर) आणि कोपऱ्यात एक सिमेंटचा पाणवठा असे ठरलेले अंदाजपत्रक येईल. त्याआधी त्या गटावर आज कोणते प्राणी-पक्षी राहतात, काय खातात, कुठे लपतात आणि कोणत्या महिन्यात त्यांचे हाल होतात, म्हणजेच त्यांचा अधिवास कसा आहे, हे ग्रामसभेने स्वतः मोजले पाहिजे. हे काम गावातल्या लोकांना शिकता येते, आणि त्याला फार साधने लागत नाहीत.

झाडे कमी म्हणजे जमीन ओसाड, हा समज सगळ्यात घातक आहे. बोर, येरोणी, हिवर, खैर, पळस, भराटी यांची विरळ झुडपे आणि मध्ये गवत, हे तितर, लावा, ससा, खोकड, लांडगा, रोही, घोरपड यांचे घर आहे. काळवीट तर लांबवर दिसेल अशाच मोकळ्या रानात टिकते. तिथे हेक्टरी हजार-अकराशे रोपे लावली आणि ती जगली, तर पाच-सात वर्षांत सावलीने गवत जाते आणि त्यासोबत हे सगळे जीव जातात. म्हणून पहिली पायरी अशी, की हा तुकडा कोणत्या तीन-चार प्राण्या-पक्ष्यांसाठी राखायचा ते ठरवायचे. सगळ्यांसाठी सगळे एकाच गटात जमत नाही.

मग तलाठ्याकडून गटाचा नकाशा घ्यावा आणि गुराख्यांना सोबत घेऊन शिवारफेरी करावी. रान त्यांना वनरक्षकापेक्षाही जास्त माहीत असते. नकाशावर झुडपांची दाट जाळी, मोकळे गवत, झाडोरा, नाला, बोडी, वारुळे, वाळून उभी असलेली झाडे आणि लागून असलेल्या शेतांचे धुरे वेगवेगळ्या रंगांत भरावेत. खाणे, पाणी आणि आडोसा तिन्ही गटात आहेत एवढे पुरेसे नाही, ते एकमेकांपासून किती लांब आहेत तेही महत्त्वाचे. तितराला दाणे-किडे मोकळ्यावर मिळतात, पण धोका दिसताच पळायला जाळी जवळ हवी आणि रात्री बसायला काटेरी झुडूप हवे. एका टोकाला सगळे गवत आणि दुसऱ्या टोकाला सगळी जाळी असेल, तर मधली जमीन त्याच्या उपयोगाची नाही.

गवत मोजायला बांबूच्या कामट्यांची एक मीटर बाय एक मीटरची चौकट पुरते. गटातून सरळ रेषेत चालावे आणि दर शंभर पावलांवर पाय जिथे पडेल तिथेच चौकट टाकावी. इथे हमखास चूक होते. माणूस नकळत चांगले गवत पाहून चौकट टाकतो आणि आकडा फुगतो. एका प्रकारच्या रानात किमान वीस चौकटी घ्याव्यात. प्रत्येक चौकटीत उघडी माती किती, पवन्या-मारवेल-शेडा यांसारखे बारमाही गवत किती, कुसळी किती आणि तरोटा, रानतुळस, गाजर गवत यांसारखे तण किती, हे शेकड्यात लिहावे. बारमाही गवत कमी होऊन कुसळी आणि पुढे तरोटा वाढत असेल, तर चराईचा भार जमिनीला पेलवत नाही असे समजावे. मोजणी वर्षातून दोनदा करावी. ऑक्टोबरात गवत निसवलेले असते, ओळखायला सोपे जाते. मे महिन्यात खरी टंचाई दिसते. ऑगस्टात सगळेच हिरवे असते, म्हणून नेमकी तेव्हाच केलेली पाहणी दिशाभूल करते.

चराईचा हिशेबही याच चौकटीतून निघतो. ऑक्टोबरात पाच-सहा चौकटींतले गवत विळ्याने कापून, उन्हात कडक वाळवून तोलावे. एका चौकटीत सरासरी 150 ग्रॅम भरले तर हेक्टरी 1500 किलो झाले. त्यातले निम्मे मुळांसाठी, मातीसाठी आणि वन्यप्राण्यांसाठी सोडायचे; उरले 750. गावरान गाय दिवसाला पाच-सहा किलो वाळला चारा खाते. सहा किलोने चार महिन्यांचे 720 किलो होतात, म्हणजे एका हेक्टरावर एक गाय चार महिने. हा आकडा ग्रामसभेत मांडला की चराईबंदीवरचे भांडण निम्मे मिटते, कारण बोलणे ढोरांच्या संख्येवर येते. गटाचे तीन भाग करून दरवर्षी एक भाग जूनपासून बी गळेपर्यंत बंद ठेवावा आणि बी गळाल्यावर तिथले गवत कापून न्यायला मोकळीक द्यावी. पूर्ण गट कायमचा बंद केला तर ढोरे शेजारच्या गटावर तुटून पडतात.

आडोसा मोजायला एक मीटर उंच, एक फूट रुंद फळी घ्यावी आणि तिच्यावर दहा-दहा सेंटिमीटरचे काळे-पांढरे पट्टे रंगवावेत. एकाने फळी जमिनीवर उभी धरायची, दुसऱ्याने पंधरा मीटर लांब जाऊन गुडघ्यावर बसायचे आणि कोणते पट्टे निम्म्याहून जास्त झाकले आहेत ते लिहायचे. असे चारही दिशांनी करायचे. खालचे दोन-तीन पट्टे झाकलेले असतील तर ससा-तितराचे भागते. पाचव्या-सहाव्या पट्ट्यापर्यंत झाकले असेल तर चितळाचे पाडसही दडू शकते. पण तिथे बिबट्याही दडू शकतो, हे विसरता येत नाही. म्हणून हीच फळी शाळेच्या वाटेवर आणि पांदणीवर उभी करून पाहावी. तिथे पट्टे झाकले जात असतील, तर दोन्ही बाजूंना दहा मीटरपर्यंतची घाणेरी (लँटाना हे बाहेरून आलेले झुडूप) सगळ्यात आधी काढावी. माणसाचा जीव सांभाळणे हाही अधिवास व्यवस्थापनाचाच भाग आहे.

वावर कळण्यासाठी 2 बाय 20 मीटरच्या पट्ट्या आखाव्यात, जुन्या लेंड्या झाडून टाकाव्यात आणि महिन्याने पडलेल्या नव्या लेंड्या मोजाव्यात. सशाची लेंडी चपटी-गोल असते, बोटांत चुरली की गवताचा भुसा निघतो. रोही पुन्हा पुन्हा एकाच जागी टाकतो, तिथे ढीग साचतो. अडचण येते ती चितळ आणि शेळीची. गावालगत दोन्हींची गल्लत इतकी होते, की जिथे शेळ्या चरतात तिथे लेंड्यांवर भिस्त ठेवू नये. वाटेवर बारीक माती चाळून सपाट करावी आणि सकाळी ठसे पाहावेत. पावसाळ्यात शेणकिडे आणि पाणी लेंड्या टिकू देत नाहीत, तेव्हा ही मोजणी करूच नये. बुद्धपौर्णिमेला वन्यप्राणी मोजायला पाणवठ्याजवळ मचाणावर काढलेली रात्र आनंदाची असते, पण पाण्यावर कोण आले एवढेच त्यातून कळते. ते रान वर्षभर कोणाला पोसते ते कळत नाही.

आता पाणवठ्याविषयी. कामांच्या यादीत तो नेहमी पहिला असतो आणि झुडपी तुकड्यात बहुधा तोच सगळ्यात चुकीचा ठरतो. चितळाला उन्हाळ्यात रोज पाणी लागते. गावापासून अर्ध्या किलोमीटरवर बारमाही पाणी केले की चितळ, रानडुक्कर तिथेच मुक्काम करतात, रात्री धानात-तुरीत उतरतात आणि त्यांच्या मागे बिबट्या किंवा वाघ येतो. शिवाय पाण्याभोवतीचे गवत तुडवून संपते. म्हणून आधी बारा महिन्यांचा तक्ता करावा. कोणता झिरा (नाल्यात पाझरून पाणी साचणारा खड्डा), डोह, बोडी, मामा (माजी मालगुजारी) तलाव कोणत्या महिन्यात आटतो ते त्यात लिहावे. आतल्या मोठ्या जंगलात एप्रिल-मे कोरडे जात असतील, तर पहिल्यांदा नाल्यातला जुना झिरा मोकळा करावा. टाके बांधावेच लागले तर बशीच्या आकाराचे, मध्ये फूट-दीड फूट खोल आणि सगळ्या बाजूंनी उतरते असावे. उभ्या भिंतींच्या टाक्यात पिल्ले पडून मरतात. तीन मीटर व्यासाच्या बशीतून मे महिन्यात रोज सेंटिमीटरभर पाणी उडाले तरी सत्तर लिटर गेले, प्राण्यांचे पिणे वेगळेच. ते भरणार कोण, हे नाव ठरल्याशिवाय बांधकाम करू नये. एकदा सवय लावून मध्येच कोरडे पडलेले टाके प्राण्यांना सरळ गावाच्या हौदावर आणते.

घाणेरी वरून छाटली की दुप्पट फुटते, आणि तरी मजुरीची बिले छाटणीचीच निघतात. मातीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर, जिथे खोड संपून मूळ सुरू होते तिथे, कुदळीने सोटमूळ तोडावे आणि झुडूप उलटे करून ठेवावे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. हे फळे धरण्याआधी करावे. पुढची दोन-तीन वर्षे पक्षी ज्या झाडांवर बसतात त्यांच्याखाली उगवणारी रोपे उपटत राहावे लागते. तेवढी मजुरी अंदाजपत्रकात धरलेली नसेल तर पहिल्या वर्षाचा पैसा वाया गेला. एकाच वेळी सगळी घाणेरी काढू नये. अनेक गटांत आज तोच एकमेव आडोसा उरला आहे. एका वर्षी तिसरा हिस्सा काढावा आणि मोकळ्या जागेत पावसाच्या तोंडावर गवताचे बी मातीत मिसळून वरच्यावर फेकावे. खोल पुरलेले बी उगवत नाही. तरोटा आणि रानतुळस फुलण्याआधी, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटावी.

झाडे लावूच नयेत असे आमचे म्हणणे नाही. नाल्याच्या काठाने उंबर, जांभूळ, अर्जुन लावावे. पळस, खैर, तेंदूची जुनी खुंटे जिवंत असतील तर त्यांचा एकच जोमदार फुटवा राखावा, तो खड्ड्यातल्या रोपापेक्षा लवकर वाढतो. बारमाही गवत धरून असलेल्या जागेत समतल चर मारू नयेत. जी मुळे माती धरून आहेत तीच उखडली जातात. वारूळ फोडू नये, वाळलेले झाड जळणासाठी पाडू नये, त्याच्या ढोलीत पिंगळा आणि पोपट वीण घालतात. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखाली आग लावण्याऐवजी जागा झाडून घ्यावी किंवा जाळी अंथरावी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने जंगलाच्या भल्यासाठी तेंदूपत्ता तोडणे सोडून बांबूवर भर दिला. असा निर्णय गावे घेऊ शकतात, हे आपल्याच जिल्ह्यात दिसले आहे.

वनहक्क कायद्याने जंगलाचे संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आहे, जैवविविधता कायद्याने गावोगावी समित्या आणि नोंदवह्या आल्या आहेत. त्या नोंदवह्यांत बहुतेक ठिकाणी नुसती नावांची यादी आहे. तिला मोजमापाची जोड द्यावी. शाळांतल्या हरित सेनेच्या आठवी-नववीच्या मुलांना चौकट आणि फळी सहज शिकवता येते, आणि मुले यात मोठ्यांपेक्षा काटेकोर असतात. वन आणि महसूल विभागाकडे आमची मागणी नेमकी आहे. मे आणि ऑक्टोबर अशा दोन्ही मोजण्यांचे तक्ते जोडल्याशिवाय झुडपी जंगलाच्या कोणत्याही गटावर रोपवन, चर किंवा पाणवठ्याचे अंदाजपत्रक मंजूर करू नये. हे तक्ते 26 जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवावेत आणि त्यानंतरच, ग्रामसभेच्या ठरावाने, फेब्रुवारीत काम सुरू करावे.

आपले,
सामूहिक वनहक्क समित्यांच्या प्रशिक्षणाचे काम करणारे कार्यकर्ते,
ता. नागभीड, जि. चंद्रपूर