पूल पाण्याखाली गेल्याचा फोटो येतो, पाणी उतरल्यावरचा का नाही?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

दरवर्षी उजनी आणि वीर धरणातून पाणी सोडलं की पेपरात एक फोटो ठरलेला असतो, पंढरपूरचा भीमेवरचा जुना दगडी पूल पाण्याखाली. आम्ही सोलापूरकर तो बघतो आणि पान उलटतो. पण पाणी उतरल्यावर त्या पुलाची अवस्था काय आहे हे कोण बघतं? दगडी पुलाचं दुखणं वरून कळत नाही, वर डांबर चांगलं दिसतं आणि खाली पायाजवळची वाळू वाहून गेलेली असते, त्यात भीमेतनं वाळूउपसा किती होतो ते जिल्ह्यात सगळ्यांना माहितीये. महाडचा सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी आणि त्यातली माणसं गेली, ती बातमी वाचून मला रात्रभर झोप नव्हती.

आता दुरुस्ती म्हटलं की सांध्यांत सिमेंट भरा नाहीतर सरळ पाडा, एवढं दोनच ऐकू येतं. सिमेंटचं मी घरात भोगलंय. आमची जुनी भिंत दगड-चुन्याची, एका कॉन्ट्रॅक्टरच्या सांगण्यावरून सगळे सांधे सिमेंटने बंद केले, वडील नको नको म्हणत होते. दोन पावसाळ्यांत आतून ओल आली. चुन्यातनं आतलं पाणी हळूहळू वाळून बाहेर पडतं, सिमेंट ते कोंडतं, मग आतला चुना भिजून भुसभुशीत होतो आणि दगड सुटा पडतो. शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्याने सगळं खरवडून काढलं, चुना भिजवून मुरवला, गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर घालून मळला आणि परत सांधे भरले. भिंत आज कोरडी आहे. नळदुर्ग किल्ल्याच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल बघा ना, बोरी नदीचं पाणी अंगावर घेत दगड-चुन्याचं बांधकाम चारशे वर्षं उभं आहे.

आणखी एक, सांध्यात पिंपळ उगवला की लोक वरून कापून मोकळे होतात, मूळ तसंच राहतं आणि पुढच्या वर्षी तेच मूळ दगड उचकटतं. डांबरावर डांबर चढवल्यानं पण पुलावर नुसतं ओझं वाढतं आणि पाणी जायची भोकं बुजतात.

वारीत नदीपलीकडच्या ६५ एकर तळावरनं येणारे वारकरी ह्याच पुलावरून चालतात, त्यात माझी आई पण असायची. म्हणून पीडब्ल्यूडीला हात जोडून विनंती आहे की प्रत्येक पुरानंतर पाणबुडे उतरवून पाया तपासा, दुरुस्ती चुन्यातच करा आणि चुन्याचं काम येणारे गवंडी, वडार अजून आहेत त्यांना बोलवा. आणि साहेब, ह्या वेळी पूर ओसरला की तुमच्या फोटोग्राफरला परत एकदा पाठवा, पुलाखालून फोटो घ्यायला.

आपला नियमित वाचक,
शुक्रवार पेठ, सोलापूर